मुलांचे उन्हाळी हस्तकला शिबिर : एक विषय, दहा दिवस आणि चोख हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना गुंतवून कसे ठेवावे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. दुसरीकडे चित्रकला, शिवणकाम, मेंदी, कागदकाम यांत हात बसलेल्या अनेक भगिनी आणि ए.टी.डी. किंवा डी.एड. झालेले तरुण नेमके याच दिवसांत कामाच्या शोधात असतात. या दोन्ही गरजांची सांगड घालणारा छोटा व्यवसाय म्हणजे मुलांचे हस्तकला शिबिर. यास भांडवल थोडे लागते, मोठी यंत्रसामग्री लागत नाही आणि काम मोहल्ल्यातच करता येते. मात्र यात आपण दुसऱ्यांची मुले काही तास सांभाळत असतो, याचे भान सर्वप्रथम ठेवावे लागते. आजच्या लेखात या व्यवसायाची आखणी कशी करावी, ते पाहू.

एकच विषय का?

बहुतेक शिबिरांत आज शुभेच्छापत्र, उद्या फुलदाणी, परवा मुखवटा असा कार्यक्रम असतो. यात दोन तोटे होतात. रोज नवे साहित्य आणावे लागते व उरलेले वाया जाते, हा पहिला. मुलाच्या हाती दहा सुट्या वस्तू येतात, पण दहा दिवसांत तो काय शिकला हे पालकांना दिसत नाही, हा दुसरा. म्हणून संपूर्ण शिबिरासाठी एकच विषय निवडावा. आज शिकलेले उद्याच्या कामाला आले पाहिजे आणि आज वापरलेले साधन परवाही वापरता आले पाहिजे. असा विषय सापडला की खर्च आपोआप आटोक्यात येतो.

हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली होती. तिच्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. एखादा हस्तव्यवसाय मध्यभागी ठेवून त्याभोवती गणित, भाषा, परिसर हे विषय गुंफावेत, असे तिचे सूत्र होते. पुढे १९६७ मध्ये डॉ. हुसेन देशाचे राष्ट्रपती झाले. दहा दिवसांच्या शिबिरात एवढी मोठी योजना बसणार नाही. पण तिचे सूत्र आपल्याला उपयोगी आहे.

नमुन्यादाखल विषय : नक्षी

नक्षीला महाग साहित्य लागत नाही, ती मुले-मुली दोघांनाही आवडते आणि तिची उत्तम उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद येथील बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी अष्टकोनी जाळी आहे. त्याच शहराचे हिमरू कापड सूत व रेशीम एकत्र विणून तयार होते. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रे वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांवर उभी आहेत. आजीने शिवलेल्या गोधडीतही नक्षी असतेच.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवसांचा क्रम असा ठेवता येईल :

पहिला दिवस : कंपासने वर्तुळ. वर्तुळाची त्रिज्या कंपासात तशीच ठेवून परिघावर खुणा करीत गेल्यास बरोबर सहा खुणा होतात आणि सहा पाकळ्यांचे फूल तयार होते.

दुसरा दिवस : त्याच सहा खुणा जोडून षटकोन व चांदणी. रंगीत कागद कापून चिकटकाम.

तिसरा दिवस : कागदाची जाळी. चौरस कागदाला दोन सरळ व एक तिरपी अशा तीन घड्या घातल्या की आठ पदर होतात. कातरून उलगडल्यावर अष्टकोनी नक्षी मिळते. मकबऱ्याच्या जाळीची ओळख याच दिवशी करून द्यावी.

चौथा दिवस : तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगाने वारली पद्धतीचे चित्र. शक्य असल्यास जाणकार चित्रकारास बोलवावे. काही घरांत सजीवांची चित्रे काढू देत नाहीत. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावी आणि अशा मुलांना डोंगर, सूर्य, झाडे, घरे व चौकोनी चौकट असे काम द्यावे. त्यावरून मुलांमध्ये चर्चा किंवा चेष्टा होऊ देऊ नये.

पाचवा दिवस : ठसे. सुताराकडून लाकडाचे छोटे तुकडे आणून त्यांवर सुतळी चिकटवून प्रत्येकाने आपला ठसा बनवावा. सुकल्यावर कागदावर उमटवून पाहावा.

सहावा दिवस : मातीची छोटी फरशी लाटून तिच्यावर तोच ठसा दाबावा. फरशा सावलीत सुकत ठेवाव्यात.

सातवा दिवस : पुठ्ठ्याच्या मागावर लोकरीचे विणकाम. ताणा म्हणजे काय, बाणा म्हणजे काय, हे हाताने कळते. या दिवशी विणकर किंवा भरतकाम करणारी भगिनी पाहुणी म्हणून बोलवावी.

आठवा दिवस : सुती पिशवीवर तोच ठसा वापरून कापडाच्या रंगात छपाई.

नववा दिवस : सुकलेल्या फरशा रंगवणे व अपुरी कामे पूर्ण करणे. फरशी भाजलेली नसल्याने पाण्याने विरघळते. म्हणून रंगात पाणी कमी घ्यावे.

दहावा दिवस : पालकांसाठी प्रदर्शन.

यातील क्रम महत्त्वाचा आहे. माती सहाव्या दिवशी घेतली तर नवव्या दिवसापर्यंत ती सुकते. हेच काम आठव्या दिवशी ठेवले, तर प्रदर्शनाच्या दिवशी ओल्या फरशा हाती येतील. तसेच पाचव्या दिवशी बनवलेला ठसा कागद, माती आणि कापड अशा तीन ठिकाणी वापरला गेला. असा विषय निवडला म्हणजे पैसा वाचतो.

वेळ, जागा आणि संख्या

मे महिन्यात मराठवाडा, विदर्भ व खानदेशात दुपारचे ऊन असह्य असते. शिबिर सकाळी ९ ते १२ असे ठेवावे. जागा तळमजल्यावर, हवेशीर व स्वच्छतागृहाची सोय असलेली पाहावी. सुट्टीतील रिकामी शाळा किंवा समाजमंदिर माफक भाड्याने मिळू शकते. तारखा ठरवताना चंद्रदर्शनावर अवलंबून असलेले सण पाहून घ्यावेत. २०२५ मध्ये बकरी ईद ७ जूनला होती आणि दरवर्षी ती सुमारे १० ते ११ दिवस अलीकडे येते. म्हणजे २०२६ ते २०२८ या काळात ती मे महिन्यातच पडते. ईदच्या आठवड्यात शिबिर ठेवल्यास निम्मी मुले गावी गेलेली असतील.

दर आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती हे प्रमाण धरावे. हातात कात्री असलेल्या मुलांवर याहून कमी लोकांत लक्ष राहत नाही. मुख्य शिक्षिका व दोन मदतनीस असतील तर २४ मुले घ्यावीत; पंचविसाव्यास पुढील तुकडीचे नाव सांगावे. पाच ते सात वर्षांच्या मुलांची तुकडी वेगळी करावी.

फी कशी ठरवावी?

शेजारच्या शिबिराची फी पाहून आपली फी ठरवणे हा धोक्याचा मार्ग आहे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा मांडावा.

मुले कितीही आली तरी होणारा खर्च : जागेचे भाडे १० दिवसांचे ६,००० रुपये; दोन मदतनिसांचे मानधन रोजी ४०० प्रमाणे ८,०००; दोन पाहुण्या कारागिरांचे ४,०००; पत्रके, नोंदवही व प्रथमोपचार पेटी १,५००; प्रदर्शन १,५००; कात्र्या, ब्रश, वाट्या अशी ४,५०० रुपयांची साधने तीन वर्षे टिकतील असे धरून यंदाचे १,५००. एकूण २२,५०० रुपये. यात आपले स्वतःचे मानधन धरलेच पाहिजे. दहा दिवसांचे काम व पाच दिवसांची तयारी, रोजी ६०० प्रमाणे ९,००० रुपये. म्हणजे ३१,५०० रुपये झाले.

प्रत्येक मुलामागे होणारा खर्च : साहित्य रोज ३० प्रमाणे ३००, नासधूस ३० आणि पाणी वगैरे किरकोळ २०, असे ३५० रुपये. २४ मुलांचे ८,४०० झाले. एकूण खर्च ३९,९००, म्हणजे दर मुलामागे सुमारे १,६६३ रुपये.

आता फी १,७०० ठेवावी असे वाटेल. परंतु मोहल्ल्यात फी न परवडणारी मुलेही असतात. दोन जागा त्यांच्यासाठी ठेवल्या तर फी देणारे २२ राहतात. १,९०० रुपये फी धरल्यास ४१,८०० जमा होतात व १,९०० शिल्लक उरतात. फी देणारी २१ मुले आली तरी तोंडमिळवणी होते. त्याखाली संख्या गेली की तूट सुरू होते.

समजा, फी देणारी १४ व विनामूल्य २ अशी १६ मुलेच आली. तेव्हा एक मदतनीस कमी करता येईल. खर्च ३३,१०० होईल, जमा २६,६०० होईल आणि ६,५०० रुपयांची तूट आपल्या मानधनातून जाईल. हाती २,५०० रुपये उरतील. पहिल्या वर्षी ओळख व्हावी म्हणून एवढ्यावर चालवावे की नाही, याचा निर्णय शिबिराच्या आठ दिवस आधी घ्यावा. एकदा सुरू केलेले शिबिर मधेच बंद करणे किंवा विनामूल्य जागा काढून घेणे हे दोन्ही वर्ज्य समजावे. तसे झाल्यास पुढल्या वर्षी आपल्या दारी कोणी येणार नाही.

अर्धी फी प्रवेशाच्या वेळी घ्यावी, पावती द्यावी आणि फी परतीचा नियम पावतीवरच छापावा. विनामूल्य मुलांनाही तशीच पावती द्यावी. कोण फी देतो व कोण देत नाही, हे मदतनिसांनाही कळू नये. कारागिराचे मानधन त्याच दिवशी, रोख व न मागता द्यावे. चहा-नाश्त्यावर त्याची बोळवण करून मुलांना हस्तकलेचा मान शिकवता येत नाही.

सुरक्षितता

प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांच्या हाती देऊ नये. पाण्यात कालवल्यावर ते घट्ट होताना चांगलेच तापते. २००७ मध्ये इंग्लंडमधील एका शाळेत हाताचा साचा घेण्यासाठी एका मुलीने दोन्ही हात त्यात बुडवले. प्लास्टर घट्ट झाल्याने ते निघेनात आणि भाजल्यामुळे तिची बहुतेक बोटे गमवावी लागली. साध्या मातीने काम भागत असताना हा धोका पत्करू नये.

घरात उरलेला जुना ऑइलपेंट वापरू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या डब्यांचा भरवसा नाही. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून निर्बंध आहेत, तेही टाळावे. गोल टोकाच्या कात्र्या द्याव्यात. कटर व इस्त्री मोठ्यांच्याच हाती असावी. कात्र्या वाटताना व परत घेताना मोजाव्यात.

खाऊ आपण देऊ नये. मुलांनी घरचा डबा आणावा. प्रत्येक मुलाचे एक कार्ड करावे. त्यावर पालकांचा फोन, आजार किंवा ॲलर्जी आणि मुलाला न्यायला कोण येणार, त्याचे नाव असावे. कार्डावर नाव नसलेल्या माणसाच्या हाती मूल देऊ नये, मग तो शेजारी का असेना. कोणतेही मूल एकाच मोठ्या व्यक्तीबरोबर बंद खोलीत राहणार नाही, हा नियम सर्व मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांगावा. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू नयेत व मोबाइलवर पाठवू नयेत.

प्रदर्शन

प्रदर्शन चांगले दिसावे म्हणून मुलांचे काम स्वतः सुधारण्याचा मोह शिक्षकांना होतो. तो आवरावा. आई आपल्या मुलाचा हात ओळखते. सुबक पण परक्या हाताची पिशवी पाहून तिचे समाधान होत नाही. प्रत्येक मुलाचे पहिल्या दिवशीचे वर्तुळ जपून ठेवावे आणि ते नवव्या दिवशीच्या फरशीशेजारी मांडावे. पहिले वर्तुळ वाकडे असेल, फरशीवरची नक्षी जरा सरळ असेल. फी कशाची दिली ते पालकांना तेवढ्यावरून कळते. मुलांनी स्वतः उभे राहून आपली वस्तू कशी बनवली ते मराठीत, उर्दूत किंवा घरच्या बोलीत सांगावे.

प्रदर्शन संपल्यावर त्याच आठवड्यात हिशेब पूर्ण करावा. कोणते साहित्य उरले, कोणते कमी पडले, कोणत्या दिवशी मुले कंटाळली याची नोंद वहीत करावी. साधने धुऊन, मोजून पेटीत ठेवावीत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पत्रके छापायला निघाल तेव्हा ही वही आधी उघडावी.