पाड्यावरची कावीळ : काय मोफत, खर्च कुठे?

अंदमान-निकोबारच्या आदिवासी जमातींत हेपॅटायटिस-बीचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी जास्त आढळले आहे. आपल्याकडेही दवाखाना लांब, बाळंतपण घरी आणि जत्रेत गोंदणाला सगळ्यांना एकच सुई, अशा पाड्यांवर हा विषाणू पसरायला वेळ लागत नाही. हेपॅटायटिसचे बी आणि सी हे प्रकार वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतात. त्यामुळे डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नका. काविळीच्या माळेने विषाणू जात नाही.

बाळाची हेपॅटायटिस-बीची लस : मोफत. पहिला डोस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत, पुढे 6, 10 आणि 14 आठवड्यांनी पेंटाव्हॅलंटमधून. बाळंतपण घरीच झाले, तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा.

गरोदरपणातली बीची तपासणी : सरकारी दवाखान्यात मोफत. खासगीत काही शे रुपये पडतात. आईला बी निघाला तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. बाहेर ते हजारांच्या घरात जाते, सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. म्हणून आईचा रिपोर्ट बाळंतपणाआधीच हाती हवा.

उपचार : मोफत. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीच्या तपासण्या व औषधे मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. विषाणूभाराच्या (रक्तात विषाणू किती आहे याच्या) तपासणीला बाहेर काही हजार मोजावे लागतात. सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीच्या प्रत्येक रुग्णाला गोळ्या लागत नाहीत; सुरू झाल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

खिशातून जाणारा पैसा : जीपचे भाडे, एसटीचे तिकीट आणि बुडालेली मजुरी. निघण्याआधी उपकेंद्रातून तपासणीचा वार विचारून घ्या. घरात एकाला बी निघाला असेल, तर नवरा-बायको, मुले, भावंडे सगळ्यांची तपासणी एकाच खेपेत उरका. आधार कार्ड आणि जुने कागद एका पिशवीत ठेवा. गोळ्या घेताना पुढची तारीख लिहून मागा.

पाण्यातून येणारी कावीळ : हेपॅटायटिस ए आणि ई. यातली ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात झऱ्याचे पाणी उकळूनच प्या. इथे खर्च फक्त सरपणाचा.

घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर आशाताईंना आजच विचारा : जन्माच्या दिवशीची लस कुठे मिळेल आणि कोण देईल? दवाखान्यात न्यायला 102 नंबरची गाडी मोफत येते.