ग्राहक वाढले, मग नफा का नाही वाढला? क्लाउड व्यवसायातला थेट खर्च



दुकानाचं बिलिंग, क्लासची हजेरी, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट... असं सॉफ्टवेअर क्लाउडवर ठेवून महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या अनेकांना वाटतं, "एकदा बनवलं की पुढे सगळा नफाच!" तसं नसतं.

आधी थेट खर्च म्हणजे काय ते बघू. ग्राहकाला सेवा देण्यासाठी जो खर्च करावाच लागतो, तो थेट खर्च. सर्व्हरचं भाडं, स्टोरेज, एसएमएस, पेमेंट गेटवेचं कमिशन, सपोर्टच्या माणसाचा पगार. ऑफिसचं भाडं आणि जाहिरात यात धरायची नाही.

आता हिशोब करू. समजा, तुमचे २०० ग्राहक आहेत आणि प्रत्येकी ५०० रुपये फी. विक्री १,००,००० रुपये, थेट खर्च ४५,०००, हातात ५५,०००. वर्षभराने ३०० ग्राहक झाले. विक्री १,५०,०००, पण थेट खर्च ९०,०००. हातात ६०,०००. म्हणजे विक्री ५०,००० ने वाढली आणि हातात आले फक्त ५,००० जास्त! तेवढ्यात एका माणसाची पगारवाढही बसत नाही.

असं का होतं?

१. जुन्या ग्राहकांचा डेटा साठत जातो. त्याचं भाडं दर महिन्याला वाढतं, तुमची फी मात्र तीच राहते.

२. क्लाउडवर डेटा चढवणं बहुतेक ठिकाणी फुकट असतं, बाहेर काढायला पैसे पडतात. ग्राहक फोटो-पीडीएफ डाउनलोड करतो, मीटर तुमचं फिरतं.

३. टेस्टिंगचा सर्व्हर रात्रंदिवस चालू राहतो. महिन्याचे ७२० तास होतात. रोज १० तास, २६ दिवस लावला तर फक्त २६०.

४. बरेच दर मुळात डॉलरमध्ये ठरतात. रुपया घसरला की काही न करता खर्च वाढतो.

ड्रॉपबॉक्सचं उदाहरण बघा. २०१५ मध्ये त्यांचं ग्रॉस मार्जिन ३३ टक्के होतं. बहुतेक डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या यंत्रणेवर हलवल्यावर, २०१७ मध्ये ते ६७ टक्क्यांवर गेलं. पण थांबा! लगेच सर्व्हर विकत घ्यायला धावू नका. त्यांच्याकडे ५० कोटी नोंदणीकृत वापरकर्ते होते. आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की थेट खर्चावर लक्ष ठेवायचं.

तुम्ही काय करायचं?

• दर महिन्याला एकूण थेट खर्चाला ग्राहकसंख्येने भागा. वरच्या उदाहरणात हा आकडा २२५ वरून ३०० झाला. धोक्याची घंटा तिथेच वाजते.
• टेस्ट सर्व्हर रात्री बंद करा. डिस्कचं भाडं लागेल, पण तासांचं वाचेल.
• प्लॅनमध्ये स्टोरेज आणि एसएमएसची मर्यादा लिहा. जास्त वापर, जास्त पैसे.
• बिलाची बजेट सूचना चालू करा.
• फी वाढवायची तर आधी नव्या ग्राहकांपासून. जुन्यांना आगाऊ कळवा.

आजचा गृहपाठ: मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि प्रति ग्राहक खर्च वहीत लिहा. आकडा चढता असेल, तर नवे ग्राहक शोधण्याआधी तो थांबवा.