लॅपटॉपवर वाजतं, मग गाडीत का नाही?

प्रश्न : माझ्या गाडीत सात-आठ वर्षांपूर्वीचा टचस्क्रीन स्टिरिओ आहे. आमचं रत्नागिरी–कोल्हापूर येणं-जाणं असतं. आंबा घाटात नेट गेलं की मोबाइलवरची गाणी थांबतात, म्हणून पेनड्राइव्हवर गाणी भरून घ्यायचं ठरवलं. नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, तो स्टिरिओने ओळखलाच नाही. मग घरातला जुना लावला. त्यावरची काही गाणी वाजतात, काही वाजत नाहीत. क्रम मी लावला तसा येत नाही. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. नातवंडांसाठी सिनेमा टाकला, तर आवाज येतो आणि चित्र नाही. हेच सगळं लॅपटॉपवर बिनतक्रार चालतं. दुकानदार म्हणतो, स्टिरिओच बदला. खरंच बिघडलाय का हो तो? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, बिघडलेला नाही. तक्रारी पाच दिसत असल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच आहे. स्टिरिओ हाही एक संगणकच, पण कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशी त्याचं शिक्षण संपलं. लॅपटॉपवरचं व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर अधूनमधून अद्ययावत होतं आणि नवा प्रकार आला की तो शिकून घेतं. स्टिरिओतली चिप ठरावीक प्रकारच्या फायली उलगडण्यापुरतीच बनवलेली असते. शिवाय यातल्या बऱ्याच तंत्रांवर पेटंट असतं, ती वापरायची तर कंपनीला परवान्याचे पैसे मोजावे लागतात. स्वस्तातला स्टिरिओ बनवणारा मग जे टाळता येईल ते टाळतो. तेव्हा स्टिरिओ बदलण्याआधी फायली त्याच्या सोयीच्या करून बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

पेनड्राइव्हपासून सुरू करू. कुठल्याही पेनड्राइव्हवर फायली ठेवण्याची एक पद्धत ठरलेली असते. जुनी आणि सर्वांना कळणारी पद्धत म्हणजे १९९६ मधली फॅट-३२. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा याच पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, त्याहून मोठे बहुधा एक्सफॅटमध्ये. एक्सफॅट आलं २००६ मध्ये, पण ते वापरायला मायक्रोसॉफ्टचा परवाना लागायचा. त्याचा तपशील कंपनीने खुला केला २०१९ मध्ये. तुमचा स्टिरिओ बहुधा त्याच्या आधीचा. त्यामुळे ६४ जीबीचा ड्राइव्ह त्याला वाचताच येत नसणार. तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण मी म्हणेन, सरळ ३२ जीबीचा घ्या. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला ५ एमबी. ३२ जीबीत अशी सहा हजार गाणी बसतात. आंबा घाट एवढा मोठा नाही.

आता न वाजणारी गाणी. ती कुठून आली ते आठवून बघा. व्हॉट्सॲपवर कुणी भजन म्हणून पाठवलेला व्हॉइस मेसेज असेल तर तो ओपस प्रकारचा असतो. हा प्रकार २०१२ मध्ये प्रमाणित झाला आणि गाडीतल्या बऱ्याच स्टिरिओंना त्याचा पत्ताच नाही. आयफोनवाल्या भाच्याकडून आलेली गाणी एम-फोर-ए असतील, म्हणजे आतला आवाज बहुधा एएसी पद्धतीने आवळलेला. तो काही स्टिरिओ घेतात, काही घेत नाहीत. अशा फायलीच्या नावाचं शेपूट बदलून ‘एमपी-थ्री’ असं लिहायची एक युक्ती घरोघरी चालते. तिने काहीही होत नाही. लॅपटॉपवरचे प्लेअर नावाकडे दुर्लक्ष करून फायलीच्या आत डोकावतात, म्हणून तिथे ती वाजते आणि युक्ती फळली असं वाटतं. स्टिरिओ नावावर विश्वास ठेवतो, आत भलतंच सापडलं की ‘अनसपोर्टेड’ म्हणून पुढे सरकतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा आणि एमपी-थ्री म्हणून नव्याने साठवा. स्ट्रीमिंग ॲपमधून ‘डाउनलोड’ केलेली गाणी मात्र या वाटेने येणार नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि त्या ॲपबाहेर वाजत नाहीत.

क्रमाचा घोळ मला यात सगळ्यात मजेशीर वाटतो. लॅपटॉप पेनड्राइव्हवरची नावं वाचतो आणि आपल्याला दाखवण्याआधी ती मुळाक्षरांप्रमाणे लावून घेतो. ही मेहनत त्याची, पेनड्राइव्हची नव्हे. फॅट-३२ मध्ये फायलींची यादी ज्या क्रमाने त्या लिहिल्या गेल्या त्या क्रमाने असते, आणि साधे स्टिरिओ ती यादी आहे तशी वाजवत जातात. त्यातही गंमत पुढेच आहे. तुम्ही मधलं एखादं गाणं पुसलंत की यादीतली त्याची ओळ रिकामी होते, आणि नंतर टाकलेलं गाणं त्या मोकळ्या जागी जाऊन बसू शकतं. म्हणून काल भरलेली लावणी परवाच्या दोन अभंगांच्या मधोमध वाजते. सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका. लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये गाण्यांना ००१, ००२ असे आकडे द्या, पेनड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करा आणि तो फोल्डर अख्खाच्या अख्खा एकदम कॉपी करा. आकड्यांआधीची शून्यं गाळू नका. काही स्टिरिओ नावांप्रमाणे लावतात, पण त्यांच्या हिशेबात ‘१०’ हे ‘२’ च्या आधी येतं, कारण ते पूर्ण आकडा बघत नाहीत, डावीकडून एकेक अक्षर बघतात.

चौकोन दिसतात, कारण स्टिरिओत देवनागरीचा फाँटच नाही. फाँट असलेल्यांचीही तऱ्हा सांगतो. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात; ही जुळवाजुळव करणारं सॉफ्टवेअर आत नसेल तर ‘विठ्ठल’ मधली वेलांटी ‘व’ च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ठ्ठ’ चे दोन वेगळे ‘ठ’ होतात, मध्ये पाय मोडलेला. बरं, पडद्यावर दिसतं ते बऱ्याचदा फायलीचं नाव नसतंच. एमपी-थ्रीच्या पोटात गाणं, गायक, अल्बम यांची नोंद असते, तिला टॅग म्हणतात. या नोंदीची १९९६ मधली पहिली पद्धत फायलीच्या शेवटी जेमतेम १२८ बाइट राखून ठेवायची. गाण्याच्या नावाला त्यातली ३० अक्षरं, तीही रोमन. पुढच्या आवृत्त्यांमध्ये युनिकोडची सोय आली, पण काही जुने स्टिरिओ अजून त्या शेवटच्या १२८ बाइटकडेच बघतात. स्टँडबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असते, तिथून भरून आणलेल्या गाण्यांत तर या नोंदीत कुठल्याशा वेबसाइटची जाहिरात असते, आणि पडद्यावर गायकाच्या जागी तीच झळकते. एमपी-थ्री-टॅग नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात शंभर गाण्यांच्या नोंदी एका झटक्यात बदलता येतात. गाडीपुरती नावं रोमन लिपीत लिहा. मराठी माणसाला हे लिहायला बरं वाटत नाही, पण चौकोनांपेक्षा ते बरं.

राहिला सिनेमा. एमपी-फोर, एव्हीआय, एमकेव्ही ही नुसत्या डब्यांची नावं आहेत. आत चित्र कुठल्या पद्धतीने आवळलंय आणि आवाज कुठल्या, हे डब्यावरून कळत नाही. तुमचा स्टिरिओ डबा उघडतो, आवाज ओळखतो, चित्राशी अडतो. चित्र बहुधा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ पद्धतीचं असणार. ही २०१३ मधली पद्धत जागा फार वाचवते, पण ती उलगडायला ताकदीची चिप लागते, आणि तिची पेटंटं एका ठिकाणी नसून वेगवेगळ्या गटांकडे विखुरलेली आहेत. आधीची एच.२६४ ही २००३ मधली. ती बहुतेक टचस्क्रीन स्टिरिओंना येते. कुणाची तक्रार नेमकी उलटी असते, चित्र दिसतं आणि आवाज नाही. तिथे आवाज बहुधा डॉल्बीचा असतो आणि त्याचा परवाना स्टिरिओवाल्याने घेतलेला नसतो.

हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर यावर चालतं. (गाडीच्या प्रश्नाला हँडब्रेकचं उत्तर, हा निव्वळ योगायोग.) त्यात डबा एमपी-फोर, चित्र एच.२६४, आवाज एएसी निवडा आणि रुंदी ८०० च्या आसपास ठेवा. या वर्गातल्या स्टिरिओंचा पडदा बहुधा ८०० बाय ४८० ठिपक्यांचाच असतो, त्यावर फुल एचडी ओतून काही दिसत नाही, उलट चित्र अडखळतं. एवढं करूनही चाललं नाही, तर स्टिरिओ आणखी जुन्या घराण्यातला आहे. त्याला एव्हीआयमध्ये एक्सव्हिड प्रकारचं चित्र द्या. फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी ठेवता येत नाही, पण इतकं आवळल्यावर सिनेमा १ जीबीच्या आतबाहेर राहतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सिनेमा दिसायला लागला की निघेलच. गाडी चालू असताना पडद्यावरचं चित्र बंद राहावं म्हणून स्टिरिओतून एक तार हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. ॲक्सेसरीजच्या दुकानात ती सर्रास गाडीच्या बॉडीला लावून देतात, म्हणजे ब्रेक कायम ओढलेलाच आहे असं स्टिरिओला वाटतं. तुमच्या गाडीत असं केलेलं असेल तर तार काढून जागेवर लावायला सांगा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद बघितलं तर ३३ मीटर रस्ता न बघता कापला. घाटातलं वळण त्याहून कमी अंतरात येतं. नातवंडं मागे बसतात, तर त्यांच्या हातात टॅब द्या. समोरचा पडदा गाण्यांपुरताच ठेवा.

आणि पेनड्राइव्ह टाळून अँड्रॉइड फोनच केबलने स्टिरिओला लावायचा विचार असेल, तर तो बहुधा फक्त चार्ज होईल. फोन हल्ली स्वतःला पेनड्राइव्ह म्हणून ओळख देत नाहीत, एमटीपी नावाच्या वेगळ्या बोलीत बोलतात आणि जुन्या स्टिरिओला ती येत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत फक्त ऑक्सची सोय आहे. फोन ऑक्सला जोडून गाणी लावली आणि त्याच वेळी सिगारेट लायटरमधून चार्जिंगला लावला की मागे बारीक ‘कुंईं’ असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तोही चढतो. स्पीकर गेलेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्पीकर ठणठणीत आहेत, तुम्ही गाडीचा अल्टरनेटर ऐकताय. इंजिनाबरोबर फिरून तो वीज बनवतो, आणि डीसी केल्यावरही त्या विजेत थोडी थरथर उरते. एरवी ती गाण्यात शिरत नाही. पण तुमचा फोन आता दोन वाटांनी गाडीच्या अर्थला जोडलेला आहे, एक चार्जरमधून आणि दुसरी ऑक्सच्या तारेतून. दोन्ही मिळून एक वेटोळं पूर्ण होतं आणि ती थरथर थेट आवाजाच्या तारेत उतरते. इंजिनाचे फेरे वाढले की सूर चढतो तो यामुळेच. चालू गाण्यात चार्जरची पिन काढून बघा. आवाज तत्क्षणी थांबला तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, ऑक्सच्या तारेत मध्ये लावायची छोटी डबी. तिच्यात लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पलीकडे देतात पण अर्थची वाट तोडतात. पिन काढल्यावरही आवाज राहिला, तर मात्र ॲम्प्लिफायरची अर्थिंग तपासून घ्यावी लागेल. रंगाच्या थरावरच स्क्रू आवळून अर्थिंग दिल्याची उदाहरणं पुष्कळ. आयसोलेटरऐवजी ‘एफएम ट्रान्समीटर घ्या’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. शहरात एका रिकाम्या फ्रीक्वेन्सीवर तो लावाल, आणि पुढच्या गावाजवळ तिथेच एखादं स्टेशन निघेल. मग नाट्यगीतात सोन्याचांदीचे भाव ऐका.

प्रश्न : मी शास्त्रीय संगीताचा शौकीन आहे. गाडीसाठी सगळा संग्रह फ्लॅकमध्ये करावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरी करा, गाडीसाठी नको. फ्लॅकमध्ये सीडीवरचं काहीच गमावलं जात नाही हे खरं. सीडीचा प्रवाह १४११ केबीपीएसचा, फ्लॅक तो साधारण निम्म्याच्या आसपास आणतो. एमपी-थ्री मात्र कानाला एरवीही कळलं नसतं असं म्हणून बरंच काही वगळतं. प्रश्न असा की गाडीत ते कळणार आहे का? महामार्गावर टायर आणि वाऱ्याचा आवाजच इतका असतो की विलंबित ख्यालाच्या सुरुवातीचा तानपुरा त्यात बुडून जातो, फाइल कुठलीही असो. शिवाय ब्लूटूथवरून ऐकत असाल तर फोन तुमचं फ्लॅक वाटेत पुन्हा आवळतोच, बहुतेकदा एसबीसी नावाच्या साध्या पद्धतीने. २५६ किंवा ३२० केबीपीएसचं एमपी-थ्री गाडीला पुरून उरतं. पैसे खर्च करायचेच असतील तर ते पुढच्या दारांचे स्पीकर बदलण्यात आणि दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंगचा थर लावून घेण्यात घाला, फरक तिथे ऐकू येईल.

अखंड मैफिलीचे तुकडे करून ठेवले असतील तर ते जोडून एकच फाइल करा. एमपी-थ्री बनवताना प्रत्येक तुकड्याच्या टोकांना किंचित शांतता चिकटते आणि ऐन सम येताना गाणं क्षणभर थांबतं. आणि आधीच १२८ वर असलेल्या फायली ३२० वर नेऊ नका. फाइल अडीचपट होते, गाळलेलं परत येत नाही.