शेवटचे वीस किलोमीटर आधी मोजा

आमच्या चोरखमारा गावाहून हैदराबाद साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोबाइलवरचा नकाशा हा रस्ता दहा-अकरा तासांचा दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून लोक सकाळी निघून त्याच रात्री घरी पोहोचायचा बेत करतात. आमच्या तिरोडा तालुक्यातली कितीतरी मुले-मुली हैदराबादला नोकरीला आहेत. दिवाळीला, लग्नसराईला, धान निघाल्यावर ती याच वाटेने गावाकडे येतात. नागझिरा अभयारण्य बघायला येणाऱ्या परप्रांतांतल्या गाड्याही वाढल्या आहेत. या सगळ्यांना मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लांबचा प्रवास आखताना सुरुवात निघायच्या वेळेपासून करू नका. पोहोचायच्या वेळेपासून मागे मोजत या.

माझी लेक हैदराबादला असते. दिवाळीनंतर लेक, जावई आणि नातू यांच्याबरोबर मी तिकडून गावी येत होतो. गाडी जावई चालवत होते. हात सराईत, गाडीही चांगली. सकाळी निघायलाच उशीर झाला आणि शहराबाहेर पडेपर्यंत आणखी वेळ गेला. पुढे कामारेड्डी, निर्मळ, आदिलाबाद हा टप्पा सुखाचा झाला. राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद आहे, मधे दुभाजक आहे, गाडी एका लयीत धावते. निर्मळच्या अलीकडे गोदावरी ओलांडली, आदिलाबादच्या पुढे पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात शिरलो. पांढरकवड्याला जेवण झाले आणि आता घर आलेच असे सगळ्यांना वाटू लागले.

खरा प्रवास तिथून पुढे होता. नागपूरला वळसा घालून भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत दिवस मावळला. भंडाऱ्याहून मोहाडी, तुमसर, तिरोडा हा रस्ता चौपदरी महामार्गासारखा नाही. समोरच्या ट्रकचा झोत थेट डोळ्यांत येतो. धानाची पोती भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. जनावरे रस्त्यावर बसलेली असतात. तिरोडा सोडल्यावर चोरखमाऱ्यापर्यंतचे वीसेक किलोमीटर तर शेते आणि जंगल यांच्यामधून जाणारे. जावयांचे डोळे दिवसभराच्या उजेडाने आणि वेगाने शिणलेले. जंगलाच्या कडेला रानडुकरांचा कळप आडवा आला. जावयांनी ब्रेक मारला, गाडी डांबर सोडून खाली उतरली आणि पुढचे चाक दगडावर आपटून फाटले. कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नव्हती. फोनला रेंज नव्हती. लहान लेकराला घेऊन आम्ही अंधारात काचा लावून बसून राहिलो. शेवटी धान घेऊन जाणाऱ्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला आणि आम्हाला घरापर्यंत आणले.

सहाशेहून जास्त किलोमीटर सुखरूप झाले होते. संकट आले ते उंबरठ्यापाशी. त्यामागे कारण आहे. चालवणारा सर्वांत थकलेला असतो तेव्हाच आपल्याकडे रस्ता सर्वांत अवघड होतो. सकाळचा ताजा माणूस सरळ रुंद महामार्गावर असतो आणि संध्याकाळचा दमलेला माणूस अरुंद, अंधाऱ्या, वळणाच्या रस्त्यावर. घर जवळ आले म्हणून मन सैल पडते, ते वेगळेच.

म्हणून आधी सूर्य कधी मावळतो ते पाहा. पुण्या-मुंबईच्या माणसाला डिसेंबरात सहापर्यंत उजेड असतो असे वाटते. महाराष्ट्राच्या या पूर्व टोकाला साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि जंगलात अंधार लवकर दाटतो. पहाटे धानाच्या बांध्यांवर आणि तलावांच्या काठी धुकेही असते. चोरखमाऱ्याला यायचे तर दुपारी चारच्या आत तिरोडा गाठायचे, हा हिशेब धरा. हैदराबादहून एका दिवसात तो जमत नाही. त्या दिवशी नागपूरला किंवा भंडाऱ्याला मुक्काम करा आणि सकाळी चहा घेऊन निघा.

नकाशाने सांगितलेल्या तासांत निदान चौथाई भर घाला. जेवण, चहा, लहान मुलांचे थांबे, टोलनाक्यावरची रांग, शहरातून बाहेर पडायचा वेळ, यातले काहीच त्या आकड्यात पुरते धरलेले नसते. व्यावसायिक चालकांसाठी आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असा त्याचा नियम होता. अमेरिकेतही मालट्रकच्या चालकाला एका पाळीत अकरा तासांहून जास्त चालवता येत नाही. रोज गाडी चालवून पोट भरणाऱ्यांना ही मर्यादा घालावी लागते. मग आपल्यासारख्या कधीमधी लांब जाणाऱ्यांनी चौदा तास का रेटावेत? दोन-अडीच तासांनी उतरून पाय मोकळे करा. चालवणारे दोघे असतील तर पाळी आधीच ठरवा. जांभई आली की गाणी मोठ्याने लावून भागत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे डोळे मिटा.

दुसरी गोष्ट वाटेची. नकाशावर रायपूर रस्त्यावरचे साकोली आणि चोरखमारा फार लांब दिसत नाहीत, पण मधे नागझिरा अभयारण्य आहे. साकोलीकडून येणाऱ्याला पिटेझरीचे फाटक जवळ पडते, चोरखमाऱ्याचे फाटक तिरोड्याच्या बाजूला आहे. अभयारण्यातला रस्ता पर्यटनाच्या ठरलेल्या वेळी, परवानगीनेच वापरता येतो. या फाटकातून शिरून त्या फाटकातून बाहेर पडायची ती आडवाट नव्हे. सफारीचे आरक्षण कोणत्या फाटकाचे आहे आणि मुक्काम कोणत्या बाजूला आहे, हे घरून निघण्याआधी जुळवून घ्या. पहाटेची सफारी गाठायला रात्रभर गाडी हाकणे तर सर्वांत वाईट. आठवड्याच्या सुट्टीचा वार आणि पावसाळ्यातली बंदीही तपासून घ्या.

रस्त्यांचे क्रमांक समजले तर चुकायची भीती कमी होते. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. दक्षिणोत्तर जाणारे सम आणि पूर्व-पश्चिम जाणारे विषम. म्हणून नागपूर-हैदराबाद रस्ता ४४ आहे आणि नागपूरहून भंडारा, साकोली, देवरीवरून रायपूरला जाणारा ५३. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून सात नंबर आणि सहा नंबर आहेत. वाट विचारताना दोन्ही माहीत असलेले बरे. अमेरिकेत ही रीत बरोबर उलटी आहे. तिथे १९५६च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या आंतरराज्य महामार्गांवर पूर्व-पश्चिम रस्ते सम आणि दक्षिणोत्तर विषम. तिकडे राहणारी मुले सुट्टीत इथे येऊन गाडी हाती घेतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे अंतराचा आणि वेळेचा मेळ बसतो, कारण महामार्गावर गुरे नसतात आणि उलट दिशेने ट्रॅक्टर येत नाही. तिथला हिशेब इथे लावू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा बघा, चाके थंड असतानाच. जॅक, पाना, विजेरी आणि पिण्याचे पाणी वर, हाताशी ठेवा. सामानाच्या तळाशी नको. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि मुख्य गावांची नावे एका कागदावर लिहा, कारण जंगलात रेंज जाते. फास्टॅगमध्ये पैसे भरा. परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी मुदतीत आहेत ना, ते पाहा. पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी असेल तर तेलंगणात शिरायचा परवाना आणि कर यांची चौकशी मालकाकडे आधीच करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

जंगलाच्या रस्त्यावर वेग कमी ठेवायचा तो केवळ आपल्या जिवासाठी नाही. नवेगाव आणि नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यांतून रस्ते जातात आणि जनावरे ते ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ मेला. ज्याला पाहायला लोक शेकडो किलोमीटर येतात, तो कोणाच्या तरी घाईपायी गेला. एक चितळ रस्ता ओलांडताना दिसले तर थांबा. मागे कळप असतो. जनावर जखमी दिसले तर गाडीतून उतरू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

शेवटचे सांगणे गाडी चालवणाऱ्यांना नाही, त्यांची वाट पाहणाऱ्यांना आहे. प्रवासाची घाई पुष्कळदा घरूनच लागते. "कुठवर आलात? जेवायला थांबलोय, या लवकर," असे दर तासाला फोन आपणच करतो आणि चालवणाऱ्याचा पाय दबत जातो. आता माझ्या लेकीला मी निघण्याआधीच सांगतो, नागपूरला राहा, सकाळी ये. तुम्हीही आपल्या माणसांना तेच सांगा. पोरे एक रात्र उशिरा आली म्हणून कोणाचा सण बुडत नाही.