कार्व्हिंग स्कीची पारख

आपल्याकडे बर्फ भेटतो तो रसवंतीच्या ग्लासात. तरीही स्कीवर लिहितोय, कारण एसओएममधला टॉर्शनचा धडा मला खरा कळला तो तिथेच!

जर्मनीत एमएस करताना दोन हिवाळे मी ऑस्ट्रियात भाड्याच्या स्की वापरल्या. तिथे रात्री यंत्राने उतार दाबून ठेवतात. सकाळी बर्फ टणक असतो. त्यावर न घसरता, स्कीच्या पोलादी धारेवर वळणे म्हणजे कार्व्हिंग. टोकाला नि शेपटीला रुंद, कमरेत बारीक अशी स्की स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ मध्ये आणली आणि हा प्रकार सर्वांच्या आवाक्यात आला.

समजा रुंदी १२१, ६८ आणि १०३ मिमी आहे. टोक-शेपटीची सरासरी ११२. त्यातून ६८ वजा करून निम्मे केले की कडेची खोली २२ मिमी. बर्फाला टेकणारी लांबी १.५ मीटर धरा. लांबीचा वर्ग भागिले आठपट खोली, म्हणजे त्रिज्या सुमारे १२.८ मीटर. स्की कलवली की या त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचे. ६० अंशांत वळण निम्म्या त्रिज्येचे!

त्रिज्या स्कीवर छापलेलीच असते आणि दुकानदार तीच दाखवतो. पण स्की पिळाला किती दाद देते, हे कुठेच छापत नाहीत. कलवलेल्या स्कीचे टोक बर्फ पिळून सपाट करू पाहतो. स्की मऊ असेल तर ऐन वेगात धार सुटते, आणि मग गुडघ्याच्या लिगामेंटचे काय होईल ते सांगायला नको. म्हणून मी आधी शेपूट पायात दाबून टोक हाताने पिळून बघायचो. आत टायटॅनलचे पत्रे असले तर फरक लगेच जाणवतो. (नावावर जाऊ नका, ती ॲल्युमिनियमची मिश्रधातू आहे.) पण हलक्या माणसाने फार ताठ स्कीही घेऊ नये, ती वाकतच नाही, मग कसली त्रिज्या नि कसले काय.

खरी परीक्षा उतारावर. दोन जोड्यांची तुलना करायची तर बूट तेच, उतार तोच, वेळ तीच आणि धारा सारख्याच लावलेल्या हव्यात. बोथट धारेची उत्तम स्कीसुद्धा नापास होते. चार वळणे घ्यायची, कडेला थांबायचे आणि मागे वळून खूण बघायची. कंपासने काढल्यासारख्या दोन बारीक रेघा असतील तर धार टिकली. रुंद फराटा दिसला तर घसरली.

दुपारी त्याच उतारावर भुसभुशीत ढीग साचतात आणि ताठ जोडी मांड्या भरून आणते. मी जेवणानंतर दुकानात जाऊन मऊ जोडी बदलून घ्यायचो.