जातींची मोजणी आणि योग्य प्रतिमानाची निवड

एखाद्या देवराईत, डोंगरावर किंवा बेटावर वनस्पतींच्या वा प्राण्यांच्या जितक्या निरनिराळ्या जाती आढळतात, त्या संख्येस जातिसमृद्धी असे म्हणतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या समित्या जैवविविधतेच्या नोंदवह्या तयार करीत असल्यामुळे हा विषय आता गावपातळीवर येऊन पोहोचला आहे. कोठे जाती अधिक आहेत व का, हे नोंदींवरून ठरविण्यासाठी कारण आणि संख्या यांची सांगड घालणारे गणिती सूत्र, म्हणजेच प्रतिमान, निवडावे लागते. ही निवड चुकल्यास योगायोगाला कारण समजले जाते आणि संरक्षणाचे श्रम व पैसा भलत्या ठिकाणी खर्च होतो.

या दृष्टीने गालापागोस बेटांचे उदाहरण उद्बोधक आहे. ही बेटे इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेस पॅसिफिक महासागरात आहेत. जॉन्सन आणि रेव्हन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली तेथील वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ३० बेटांच्या आकडेवारीनुसार इसाबेला या ४,६६९ चौरस किलोमीटरांच्या बेटावर ३४७ जाती, तर सांताक्रूझ या ९०४ चौरस किलोमीटरांच्या बेटावर ४४४ जाती आहेत. फर्नांदिनाचे क्षेत्र ६३४ चौरस किलोमीटर असूनही तेथे केवळ ९३ जाती नोंदल्या गेल्या.

बेटाचे क्षेत्रफळ, उंची, सर्वांत जवळच्या बेटाचे अंतर, सांताक्रूझपासूनचे अंतर व शेजारच्या बेटाचे क्षेत्रफळ ही पाच कारणे घेऊन सरळ रेषेचे साधे प्रतिमान बसविले असता बार्तोलोमे बेटासाठी उणे ७ जाती असे उत्तर येते. प्रत्यक्षात तेथे ३१ जाती आहेत. जातींची संख्या शून्याखाली जाऊ शकत नाही, हे या प्रतिमानास ठाऊकच नसते.

यासाठी मोजणीच्या आकड्यांकरिता पॉयसाँ प्रतिमान वापरतात. १८३७ साली मांडलेल्या पॉयसाँ वितरणावर ते आधारलेले असून त्यातून उणे उत्तर येत नाही. मात्र त्याची एक अट आहे: संख्येची सरासरी आणि तिचे प्रचरण, म्हणजे विखुरलेपणाचे माप, ही दोन्ही समान असली पाहिजेत. ही अट तपासण्याची रीत सोपी आहे. प्रतिमान योग्य असेल तर अवशिष्ट विचलन हे स्वातंत्र्य-मात्रांच्या संख्येच्या आसपास येते. गालापागोसच्या आकड्यांत स्वातंत्र्य-मात्रा २४ असून विचलन मात्र ७१७ येते. याचा अर्थ असा की, जमीन, पाऊस, शोधमोहिमांची संख्या यांसारख्या न नोंदलेल्या कारणांमुळे आकडे अटीपेक्षा कितीतरी अधिक विखुरलेले आहेत. यास अतिप्रचरण म्हणतात.

त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, हेही येथे दिसून येते. पॉयसाँ प्रतिमानानुसार जवळच्या बेटाच्या अंतराचा प्रभाव त्याच्या प्रमाण त्रुटीच्या ४.८ पट, म्हणजे निःसंशय वाटतो. प्रत्यक्षातील प्रचरण सुमारे ३२ पट असल्याने त्रुटी ५.६ पटींनी वाढवावी लागते. तसे करताच हे गुणोत्तर ०.९ वर उतरते. सामान्यतः २ पेक्षा कमी गुणोत्तरावर विश्वास ठेवीत नाहीत. म्हणून अंतराचा प्रभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. अशा वेळी त्रुटी वरीलप्रमाणे वाढवून घ्यावी, अथवा जादा विखुरलेपणास वाव देणारे ऋण द्विपद प्रतिमान वापरावे.

क्षेत्रफळाचे रूपही महत्त्वाचे असते. ते जसेच्या तसे घातल्यास वरील पॉयसाँ प्रतिमानात त्याचा गुणक उणे येतो, म्हणजे बेट मोठे तर जाती कमी, असा विपरीत अर्थ निघतो. अरेनियस यांनी १९२१ साली दाखविल्याप्रमाणे जाती क्षेत्रफळाच्या घातानुसार वाढतात. क्षेत्र दहापट झाले तर बेटांवरील जाती दहापट नव्हे, साधारणतः दुप्पट होतात. म्हणून क्षेत्रफळाचे लघुगणक घेणे इष्ट होय.

नोंदवही ठेवणाऱ्यांनी व शिक्षकांनी यातून एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. प्रत्येक ठिकाणच्या जातींबरोबर तेथील क्षेत्रफळ, पाहणीचे दिवस, ऋतू आणि पाहणाऱ्यांची संख्या अवश्य लिहावी. एका देवराईची पाहणी चार वेळा आणि दुसरीची एकदाच झाली असेल, तर जातींतील फरक देवराईचा की पाहणीचा, हे अशा नोंदींवाचून कोणत्याही प्रतिमानास सांगता येणार नाही.