कामाच्या जागी बंदूक

माथेरानला आपण पोटासाठी काम करतो. कोणी घोडा धरून चालतो. कोणी सामान वाहतो. कोणी हॉटेलात भांडी घासतो, तर कोणी रात्री पहारा देतो. नेरळ-कर्जतची कितीतरी माणसे रोज लोकलने मुंबईला कामाला जातात. घरची माणसे संध्याकाळी वाट बघतात. कामावर गेलेला माणूस धडधाकट घरी यावा, एवढीच त्यांची इच्छा असते.

कामावर यंत्राची, आगीची, विजेची भीती असते, हे आपण जाणतो. बंदुकीची भीती क्वचितच असते. पण ती वेळ आलीच तर काय करावे? मुंबईच्या दोन कामगारांकडून आपण ते शिकू या.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. जुनी माणसे ज्याला बोरीबंदर म्हणतात, त्या स्टेशनात दोन अतिरेकी शिरले. त्यांनी लोकांवर बेछूट गोळ्या झाडल्या. तेथे पन्नासहून अधिक माणसे मेली. त्या वेळी विष्णु झेंडे हे उद्घोषक कामावर होते. गाडी कोणत्या फलाटावर येणार, हे सांगणे त्यांचे रोजचे काम. काचेतून त्यांना बंदूकधारी दिसले. ते पळाले नाहीत. भोंग्यावरून ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "मागच्या बाजूने बाहेर पडा." त्यांच्या खोलीच्या दिशेनेही गोळ्या आल्या. पण लोकलचे पुष्कळ प्रवासी त्यांच्या आवाजामुळे वाचले.

तेथून ते दोघे जवळच्या कामा हॉस्पिटलात घुसले. तेथे अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बाया होत्या. बाईंनी वॉर्डाची जड दारे लावून घेतली. सगळ्या बायांना आतल्या लहान खोलीत नेले आणि दिवे मालवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. बाईंनी तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतीच्या खोलीत पोचवले. त्या वीसही बाया वाचल्या. पुढे बाईंनी कोर्टात उभे राहून गुन्हेगाराला ओळखले.

या दोघांच्या हाती शस्त्र नव्हते. मग त्यांनी एवढे कसे केले? त्यांना आपली कामाची जागा पुरती ठाऊक होती. दार कोठे आहे, कोणते दार भक्कम आहे, माणसे कोठून बाहेर जातील, हे त्यांना विचारावे लागले नाही.

बंदूक नेहमी परक्याच्याच हाती असते असे नाही. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत चार जणांचा गोळ्यांनी जीव गेला. त्यात रेल्वे सुरक्षा दलाचे एक अधिकारी आणि तीन प्रवासी होते. गोळ्या झाडल्याचा आरोप त्याच दलाच्या शिपायावर आहे. म्हणून ज्याच्या हाती बंदूक द्यायची, त्याचे मन ठिकाणावर आहे ना, हे वरच्यांनी पाहिले पाहिजे. सोबती फार संतापलेला दिसला, जिवावर उठण्याची भाषा करू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. वेळीच मालकाला किंवा पोलिसांना सांगावे. ही चहाडी नव्हे.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. मदत यायला वेळ लागतो. तोवर आपणच आपले रक्षण करावे लागते. म्हणून हे ध्यानात ठेवा:

१. गोळीचा आवाज आला तर बघायला धावू नका.
२. बाहेर जाता येत असेल तर लगेच जा. सामानाचा मोह नको.
३. जाता येत नसेल तर दार लावा, दिवा मालवा, गप्प राहा. मोबाईलचा आवाज बंद करा.
४. सुरक्षित झाल्यावर ११२ या नंबरावर फोन करा. ठिकाण नीट सांगा.
५. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा आहे. पहारेकऱ्याची बंदूक कोणीही हाताळू नये.

मालकाचेही कर्तव्य आहे. चोरीच्या भीतीने काही जण रात्री मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालतात. आत कामगार झोपलेले असतात. असे कुलूप आगीतही घात करते आणि गोळीबारातही. ते काढा, असे चार जणांनी मिळून मालकाला सांगावे. एकट्याचे बोलणे कोणी ऐकत नाही, चौघांचे ऐकावे लागते.

प्रश्न
१. झेंडे यांनी लोकांना काय सांगितले?
२. कुलथेबाईंनी बायांना कोठे नेले?
३. तुमच्या कामाच्या जागी दारे किती? रात्री त्यांतली किती उघडतात? उद्या मोजा आणि वहीत लिहा.